स्टेशनवर घ्यायला कोण येणार?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमधले दोन पत्ते हिंदी विद्यार्थ्यांच्या तोंडी होते, आणि योगायोग असा की दोन्हींत क्रॉमवेलचं नाव होतं. एक शहराच्या उत्तरेला हायगेटमध्ये, ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू. दुसरा साउथ केन्सिंग्टनमध्ये, २१ क्रॉमवेल रोड. (हिंदी म्हणजे भारतीय, हा त्या काळचा शब्दप्रयोग मी या लेखात तसाच ठेवला आहे.) दोन्ही घरांत नव्याने आलेल्या मुलाला राहायला खोली मिळे, ओळखीची माणसं भेटत, कुठला कॉलेजप्रवेश कसा मिळवायचा हे कळे. पहिलं घर श्यामजी कृष्णवर्मांचं ‘इंडिया हाउस’. दुसरं, सरकारच्या आशीर्वादाने चालणारं विद्यार्थ्यांचं माहितीकेंद्र. पहिल्या घरावर स्कॉटलंड यार्डची नजर होती. दुसऱ्या घराबद्दल विद्यार्थ्यांनाच शंका होती की नजर ठेवणारे इथेच बसतात.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना आज सल्ल्यांची कमतरता नाही. बॅगेत किती किलो, कुकर न्यावा की नाही, हिंगाची डबी कशात गुंडाळावी, विमानतळावर कोण घ्यायला येईल, पहिले चार दिवस कुठे राहावं, याच्या याद्या घरोघर फिरत असतात. जुनी प्रवासवर्णनं आणि चरित्रं वाचण्याचा मला नाद आहे. त्या नादात या याद्यांचे पणजोबा भेटत गेले, आणि एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. सल्ला चांगला की वाईट, यापेक्षा तो देणारा माणूस कोणाला उत्तरदायी आहे, या प्रश्नावर या इतिहासातली बरीच भांडणं झालेली आहेत. स्टेशनवर घ्यायला येणारा माणूस नंतर पत्र कोणाला लिहितो? मुलाच्या वडिलांना, कॉलेजला, की सरकारला? या एका प्रश्नापायी शिष्यवृत्त्या गेल्या, घरं बंद पडली आणि एका संध्याकाळी तर रक्तही सांडलं.

सुरुवात मात्र साध्या माणुसकीतून झाली होती. मेरी कार्पेंटर यांनी १८७० साली ब्रिस्टलमध्ये ‘नॅशनल इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणाला आणि सामाजिक सुधारणेला इंग्लंडमधून हातभार लावावा, हा तिचा उद्देश. पुढे संस्थेचा कारभार लंडनला आला आणि एलिझाबेथ ॲडलेड मॅनिंग या बाईंनी तो कितीतरी वर्षं सांभाळला. हळूहळू तिथे येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहणं हेच संस्थेचं मोठं काम होऊन बसलं. विद्यापीठांची आणि व्यावसायिक परीक्षांची माहिती देणारी हस्तपुस्तिका संस्थेने काढली. आईबापांची इच्छा असेल तर मुलाचं पालकत्वही संस्था घेई. बापाने पैसे संस्थेकडे पाठवायचे, संस्थेने ते मुलाला बेताबेताने द्यायचे आणि त्याची खुशाली घरी कळवायची, अशी ती सोय होती.

मॅनिंगबाईंच्या बेझवॉटरमधल्या घरी संध्याकाळी चहाला माणसं जमत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला जायला निघाल्या, तेव्हा लंडनमध्ये त्यांना पहिला आधार मिळाला तो याच बाईंचा. मोहनदास गांधीही या घरी जात. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की तिथे गेल्यावर आपण तोंड उघडत नसू, कोणी बोलतं केलं तरच बोलत असू. बुजऱ्या मुलाला नुसतं बसू देणारं घर परक्या शहरात असणं ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना सांगायला नको.

याच सुमाराला रखमाबाई डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. दादाजी भिकाजीने लावलेल्या खटल्याने त्यांचं नाव सगळीकडे गाजलेलं होतं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, आणि लंडनमध्ये वॉल्टर व ईव्हा मॅक्लॅरन या दांपत्याने आपल्या घरी ठेवून घेतलं. म्हणजे त्या पिढीला ‘सल्ला केंद्र’ असं काही नव्हतं. एक घर दुसऱ्या घराला चिठ्ठी लिहायचं, इतकंच.

या चिठ्ठ्यांच्या व्यवहाराचं सगळ्यांत हृद्य उदाहरण आपल्याला चांगलं ठाऊक आहे, पण या अंगाने आपण त्याकडे फारसं पाहत नाही. गोपाळराव जोशींनी मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या नजरेला तो अंक पडला आणि १८८० पासून त्यांचा आणि आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तीन वर्षं पत्रांतून दोघींनी एकमेकींचे सणवार, स्वयंपाक, कपडे, हवापाणी समजून घेतलं. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. सोबत नवरा नाही, नात्याचं कोणी नाही, मिशनरी बायकांची संगत तेवढी. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा घ्यायला ही मावशी हजर होती. तिने त्यांना थेट घरी नेलं.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थिनीची याहून चांगली तयारी मला तरी इतिहासात दिसत नाही. आणि तरीही ती पुरी पडली नाही. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाई शिकू लागल्या, तेव्हा मावशीचं घर दूर राहिलं. राहायच्या खोलीतली भिंतीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर थंडी. त्यात शाकाहार, अभ्यासाचा ताण, आणि आधीच नाजूक असलेली प्रकृती. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या क्षयाने गेल्या. शेगडीने त्यांचा जीव घेतला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण जुन्या हस्तपुस्तिका कोळसा, गरम कपडे आणि कोरडी खोली यांना इतकं महत्त्व का देत, ते या एका खोलीवरून समजतं.

गांधीजींचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. त्यांची तयारी जवळपास शून्य होती. ४ सप्टेंबर १८८८ ला ते मुंबईहून निघाले. त्याआधी मुंबईतल्या मोढ वाणी जातभाईंनी सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं होतं. जो कोणी धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असं फर्मानही निघालं. (१८९१ मध्ये परत आल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालून आणलं. एवढ्याने जातीच्या एका तटाचं समाधान झालं, दुसऱ्याचं नाही.) खिशात चार ओळखपत्रं होती: डॉ. प्राणजीवन मेहता, दलपतराम शुक्ल, रणजितसिंहजी आणि दादाभाई नौरोजी यांच्या नावांची.

बोटीवर त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता, कारण उतरताना पांढरे कपडे शोभून दिसतील अशी त्यांची समजूत. दिवस सप्टेंबरच्या अखेरचे. धक्क्यावर पांढऱ्या कपड्यातला माणूस हा एकटाच! बाकीचं सामान एजंट कंपनीच्या ताब्यात दिलेलं, आणि दुसरा दिवस रविवार, म्हणजे ते सोमवारपर्यंत मिळणार नाही. गरम कपड्यांचा एक जोड हाताशी असावा, मोठ्या ट्रंकेत नाही, हा सल्ला आजही प्रत्येक यादीत पहिल्या पाचांत असतो. त्या काळच्या मोठ्या बोटींवर सामानाला चिठ्ठ्याच वेगवेगळ्या असत: केबिनमध्ये हवं ते, प्रवासात लागेल ते, आणि प्रवासात लागणार नाही ते. तिसरी चिठ्ठी लागलेली पेटी थेट तळघरात जाई. ज्यांनी आपली बंडी आणि ओव्हरकोट त्या पेटीत टाकला, त्यांनी बिस्केच्या उपसागरात काय केलं असेल, कल्पना करावी.

त्याच संध्याकाळी डॉ. मेहता हॉटेलवर भेटायला आले. गांधीजींनी सहज त्यांची रेशमी हॅट हातात घेतली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवला. लव विस्कटली. मेहतांनी कपाळाला आठी घातली आणि तिथल्या तिथे शिष्टाचाराचा पहिला धडा दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत घरगुती प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये, उठसूट ‘सर’ म्हणू नये. हॉटेलात राहणं परवडायचं नाही, कुठल्यातरी कुटुंबात राहावं, हेही त्यांनीच सुचवलं. या सल्ल्यात मला एक गोष्ट आवडते. मेहतांना त्याचा अहवाल कोणाला पाठवायचा नव्हता. चार पावसाळे आधी आलेल्याने नव्याला सांगितलं, विषय संपला.

पुढे गांधीजींनी खर्चाचा हिशेब पैपैने मांडायला सुरुवात केली. सुरुवातीला महिन्याला पंधरा पौंडांपर्यंत जाणारा खर्च त्यांनी टप्प्याटप्प्याने खाली आणला. दोन खोल्यांची एक केली, स्टोव्ह घेतला, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच, दुपारचं तेवढं बाहेर. बसचं भाडं वाचवायला रोज आठ-दहा मैल पायी. शेवटी दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सवर ते राहू लागले. हा सगळा अनुभव त्यांनी दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर, १८९३-९४ च्या सुमाराला, एका पुस्तिकेत उतरवला. ‘गाइड टू लंडन’ म्हणून ती समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आहे. कोणी जावं, निघण्यापूर्वी काय करावं, खर्च किती येतो, बॅरिस्टर होण्याची रीत काय, अशी तिची रचना. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. महात्म्याच्या साहित्यात तिला कोणी फारसं विचारत नाही, पण मला ती फार मोलाची वाटते, कारण विद्यार्थ्याने विद्यार्थ्यासाठी लिहिलेली माहिती म्हणजे काय, ते तिच्यात दिसतं. श्रीमंत बापाच्या मुलाला नव्हे, तर कर्ज काढून निघालेल्याला काय लागेल, याचा विचार तिच्यात आहे.

विद्यार्थ्यांनी आपली आपण केलेली सोयही तेव्हापासूनच दिसते. एडिंबरोला ‘एडिंबरो इंडियन असोसिएशन’ १८८३ साली उभी राहिली, केंब्रिजला ‘मजलिस’ १८९१ ला, ऑक्सफर्डला १८९६ ला. वादविवाद हे त्यांचं उघड काम. पण खोल्या कोणत्या गल्लीत मिळतात, कुठली घरमालकीण काळ्या माणसाला दारातूनच परत पाठवते, कोळशाचे पैसे भाड्यात धरलेले असतात की बादलीगणिक वेगळे, याचं ज्ञान अशा ठिकाणी जुन्यांकडून नव्यांकडे जात असे.

१ जुलै १९०५ ला हायगेटचं इंडिया हाउस उघडलं. उद्घाटन इंग्लिश समाजवादी पुढारी हिंडमन यांच्या हस्ते झालं, दादाभाई आणि लाला लजपतराय हजर होते. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची राहायची सोय, वाचनालय, देशी जेवण. श्यामजींनी शिष्यवृत्त्याही जाहीर केल्या, पण अट अशी की घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी धरायची नाही. पॅरिसच्या सरदारसिंह राणांनी दिलेली शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून, टिळकांची शिफारस घेऊन, विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये मुंबईहून निघाले आणि याच घरात उतरले. तिथून त्यांनी ‘विहारी’ आणि ‘काळ’ला पाठवलेली बातमीपत्रं महाराष्ट्रात आवडीने वाचली जात. पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती, हेही या घराकडे ओढले गेले. मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन ते एडिंबरोच्या हेरिअट-वॉट कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला गेले होते. तिथे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. परक्या देशात, हिवाळ्याच्या तोंडावर, महिन्याची रक्कम बंद होणं म्हणजे काय असतं? एवढं झाल्यावर कोणता विद्यार्थी सरकारी सल्लागाराशी मोकळेपणाने बोलणार होता?

सरकारला तरुणांची काळजी वाटू लागली होती, आणि त्या काळजीत दोन गोष्टी अशा मिसळल्या होत्या की वेगळ्या काढता येऊ नयेत. मुलं एकटी पडतात, सावकारांच्या हाती लागतात, परीक्षेत नापास होतात, हे खरंच होतं. मुलं राजद्रोही होतात, ही दुसरी चिंता. भारतमंत्री मोर्ले यांनी १९०७ साली तिघांची समिती नेमली: मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सर विल्यम ली-वॉर्नर, अलीगढच्या कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर मॉरिसन, आणि भारतमंत्र्यांचे राजकीय सहायक सर कर्झन वायली. तिचा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. मात्र त्यातूनच एप्रिल १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माहितीकेंद्र निघालं आणि टी. डब्ल्यू. आर्नल्ड हे शैक्षणिक सल्लागार झाले. हे आर्नल्ड लाहोरला इक्बालांचे शिक्षक होते. अभ्यासू, सौम्य माणूस. हिंदुस्थानात प्रांतोप्रांती सल्लागार समित्या झाल्या. कागदावर पाहिलं तर यात वावगं काही नाही, आज कुठल्याही विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं खातं हेच काम करतं.

तीन महिनेही झाले नव्हते. १ जुलै १९०९ ला, इंडिया हाउसच्या उद्घाटनाला बरोब्बर चार वर्षं पूर्ण होत असताना, नॅशनल इंडियन असोसिएशनचा वार्षिक मेळावा इम्पीरियल इन्स्टिट्यूटच्या जहांगीर सभागृहात होता. आलेल्या विद्यार्थ्यांनी साहेबांशी, मडमांशी ओळखी करून घ्याव्यात, यासाठीचा हा कार्यक्रम. तो संपत असताना युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मदनलाल धिंग्राने कर्झन वायलींना गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही गेले.

खटल्यात एक पत्र पुढे आलं. मदनलालच्या भावाने वायलींना लिहिलं होतं की माझ्या धाकट्या भावाकडे जरा लक्ष असू द्या. त्यावरून वायलींनी एप्रिलमध्ये मदनलालला, भेटायला ये, काही मदत लागली तर सांग, अशा आशयाचं पत्र पाठवलं होतं. कर्त्या भावाने परदेशातल्या वजनदार माणसाला अशी विनंती करणं यात आपल्याकडे काहीच वेगळं नाही. आपणही करतो. पण ज्याला विनंती केली तो विद्यार्थ्यांच्या चौकशी समितीवर होता, आणि धिंग्राच्या लेखी तो पालक नव्हता, पहारेकरी होता. धिंग्राने केलेल्या हत्येचं मी समर्थन करत नाही, आणि लालकाकांचं नाव आपल्या गौरवग्रंथांत ओझरतं येतं हेही मला खटकतं. पण त्या संध्याकाळच्या मेळाव्यात चहापान, ओळखी, काळजी आणि पाळत हे सगळं एकाच सभागृहात दाटीवाटीने उभं होतं, हे नजरेआड करता येत नाही.

१७ ऑगस्टला धिंग्राला फाशी झाली. हायगेटचं घर बंद पडलं. पुढच्या वर्षी माहितीकेंद्र, नॅशनल इंडियन असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी ही तिन्ही २१ क्रॉमवेल रोडच्या एकाच छपराखाली आली, वर नव्याने आलेल्यांसाठी उतरायच्या खोल्या. इथेच घोटाळा झाला, असं माझं मत आहे. मॅनिंगबाई १९०५ मध्येच वारल्या होत्या, आणि त्यांनी तीस-एक वर्षं जमवलेला विश्वास सरकारी पाटीच्या शेजारी येऊन बसला. त्याच काळात बॅरिस्टरीच्या संस्था प्रवेशासाठी हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला मागू लागल्या. म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरला तुमचं घराणं पसंत नसेल, तर लंडनचं दार बंद. खोली मिळवून देणारं खातं आणि दाखल्यांची चौकशी करणारं खातं एकच असलं की पोरं खोलीसाठी जातात आणि बोलायचं टाळतात. खोल्या वापरल्याही गेल्या. विश्वास तेवढा आला नाही.

अमेरिकेत हा पसारा नव्हता, त्याचे फायदे-तोटे भीमराव आंबेडकरांच्या पहिल्या महिन्यांत दिसतात. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, बडोद्याच्या सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. कोलंबियाच्या हार्टली हॉलमध्ये उतरले, पण तिथलं अर्धकच्चं, गोमांसाचं जेवण जमेना. आठवड्याभरात कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राच्या खोलीत. स्टेशनवर घ्यायला येणारं खातं नाही, म्हणून पहिले आठवडे खोल्या बदलण्यात गेले. पण तू अमुक जातीचा, तमुक जिल्ह्याचा, कलेक्टरचा दाखला दाखव, असंही विचारणारं कोणी नाही. ज्याला गावी विहिरीवर जाता येत नव्हतं, त्याला ही दुसरी बाजू काय वाटली असेल, ते वेगळं सांगायला हवं का?

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये तक्रारी इतक्या वाढल्या की १९२१ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमावी लागली. पुढे आलेली मुख्य तक्रार ठरलेलीच होती: हे खातं आमच्यावर पाळत ठेवतं. हिंदुस्थानच्या हायकमिशनरचं पद १९२० मध्ये निर्माण झालं होतं, विद्यार्थ्यांचं काम त्याच्याकडे गेलं. लिटन समितीचा अहवाल १९२२ साली छापला गेला आणि त्याच्या परिशिष्टात ली-वॉर्नर समितीचा तो दडवलेला अहवालही आला. १९०७ मध्ये शिकायला आलेल्या पोरांबद्दल वडीलधाऱ्यांनी आपसांत काय लिहिलं होतं, ते त्या पोरांना तेव्हा वाचायला मिळालं. एव्हाना ती बॅरिस्टर, डॉक्टर आणि प्राध्यापक होऊन घरी परतलेली होती.

दरम्यान के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये इंडियन वायएमसीएचं विद्यार्थी वसतिगृह सुरू झालं. आधी ब्लूम्सबरीतल्या ‘शेक्सपिअर हट’ नावाच्या युद्धकाळातल्या लाकडी इमारतीत, मग गॉवर स्ट्रीटवर. त्याला सरकारी पाटी नव्हती आणि दाखला कोणी मागत नसे. महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर वसतिगृह फिट्झरॉय स्क्वेअरला स्वतःच्या इमारतीत गेलं. ते तिथेच आहे, आणि जेवणाच्या वेळेला तिथल्या खानावळीत राहणाऱ्यांखेरीज बाहेरची माणसंही आमटीभातासाठी रांगेत उभी असतात.